नवं घर, पहिलं वर्ष आणि गच्चीवरचं सोलर: आत्ताच बसवावं की थांबावं?

अंगणवेल | ८ जून २०२५

नमस्कार मंडळी. नागपुरात बेसा भागात आम्ही एक जुनं रो-हाऊस विकत घेतलं आणि अक्षय्य तृतीयेला राहायला आलो. तळमजला, वर सपाट गच्ची, साधारण ६५० चौरस फूट. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. दोन कूलर, एक एसी. मे महिन्याचं बिल आलं ५२० युनिटांचं. गृहकर्जाचा हप्ता नुकताच सुरू झालाय, त्यात हे बिल बघून सोलरचा विषय घरात रोज निघतो.

तीन जणांकडून कोटेशन घेतलं. तिघांनीही ३ किलोवॉटच सांगितलं. भाव पावणेदोन लाखांपासून सव्वादोन लाखांपर्यंत. तिघांचंही एकच म्हणणं: "मॅडम, सबसिडी आहे तोवर लगेच बुक करा."

माझ्या अडचणी अशा. एक, मीटर अजून आधीच्या मालकांच्या नावावर आहे. दोन, या घराचा एकही पावसाळा आम्ही पाहिलेला नाही. तीन, आमच्या चौघांना वर्षभरात किती वीज लागते हे आम्हालाच ठाऊक नाही. चौथी गोष्ट सासूबाईंची: गच्चीवर वाळवणं घालायला जागा उरली पाहिजे. हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय आणि मला ते पटतं.

पहिल्याच वर्षात ज्यांनी बसवलं किंवा मुद्दाम थांबले, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तारतंत्र | ८ जून २०२५

ताई, अभिनंदन. मी वर्ध्याकडे हीच कामं करतो, त्यामुळे माझं मत तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी सबसिडी. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. तुम्ही ५ किलोवॉट बसवलंत तरी ७८,०००च. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, त्यामुळे उद्याच बंद होतेय असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पैसे तुमच्या खात्यात जमा होतात, पण काम पूर्ण होऊन नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागल्यावर. म्हणजे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. राष्ट्रीयीकृत बँका ३ किलोवॉटपर्यंत तारण न घेता कर्ज देतात, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. १०० युनिटांपर्यंतचा दर कमी आहे, १०१ ते ३०० चा त्याच्या दुपटीच्या आसपास, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर आणखी चढा. सोलर तुमच्या बिलातली सगळ्यात महागडी युनिटं आधी खातं. ज्याचं बिल ५०० युनिटांचं आहे त्याने थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. थांबलात तो प्रत्येक महिना पैसे गेलेच. माझं मत: नाव बदलून घ्या आणि बसवून टाका.

खांब_ते_खांब | ९ जून २०२५

मी वीज वितरणात नोकरी करून निवृत्त झालो. तारतंत्र यांनी सबसिडीचं बरोबर सांगितलंय. "लगेच" या शब्दाशी मात्र मी सहमत नाही, आणि कारण हिशेबाचंच आहे.

अंगणवेल ताई, ५२० युनिटं हे मे महिन्याचं बिल आहे. नागपूरचा मे! त्यावरून वर्ष ठरवू नका. तुमच्याच बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता छापलेला असतो, तो आधी काढा. कुटुंब वेगळं असलं तरी घराची साधारण चाल त्यातून कळते. हिवाळ्यात नागपुरात एसी नाही, कूलर नाही, पंखासुद्धा बंद. चौघांच्या घराला १२०-१५० युनिटं पुष्कळ झाली. वर्षाची सरासरी महिना अडीचशेच्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे.

एक किलोवॉट आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटं देतं, म्हणजे महिन्याला १२०. अडीचशेला २ किलोवॉट पुरतं, आणि तुम्हाला तिघांनी ३ सांगितलंय.

"जास्त झालं तर काय बिघडलं, युनिटं जमा होतील" असं तुम्हाला कुणीतरी म्हणेल. तर नेट मीटरचा हिशेब असा: दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री तुम्ही आत घेता, महिन्याअखेर वजाबाकी होते. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जातात. पण हे खातं आर्थिक वर्षाचं आहे. ३१ मार्चला ते बंद होतं आणि १ एप्रिलला शून्यापासून सुरू होतं. उरलेल्या युनिटांचे जे पैसे मिळतात ते तुम्ही वीज विकत घेता त्या दराच्या मानाने फारच कमी. आता नागपूरच्या ऋतूंशी हे जुळवून बघा. नोव्हेंबर ते मार्च आकाश स्वच्छ, पॅनेल जोरात, घरातला वापर सगळ्यात कमी. भरपूर युनिटं साठतात. आणि एसी-कूलर सुरू होण्याच्या तोंडावर, ३१ मार्चला, ती सगळी पुसली जातात. हिवाळ्यातली शिल्लक उन्हाळ्यात वापरता येत नाही. म्हणून आपल्याकडे मोठं सोलर बसवून फायदा होतोच असं नाही.

आता थांबण्याचं नुकसान. जून ते सप्टेंबर उत्पादन तसंही खाली येतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर उन्हाळ्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा थांबायचंच असेल तर हे चार महिने सगळ्यात स्वस्तात पडतात. तेवढ्यात नावाचं काम उरका: खरेदीखत किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) जोडून ऑनलाइन अर्ज होतो. नाव, आधार आणि बँक खातं तिन्ही ठिकाणी एकसारखं असू द्या, स्पेलिंगसकट. सबसिडी अडकते ती बहुतेक इथेच. आणखी एक: त्या घरावर आधीच्या मालकांनी पूर्वी सोलरची सबसिडी घेतलेली नाही ना, तेही विचारून ठेवा.

तारतंत्र | ९ जून २०२५

काका, ३१ मार्चचा मुद्दा मान्य. पण उद्या ताईंनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, इंडक्शन घेतलं तर? तिसऱ्या किलोवॉटला १८,००० मिळतायत तेव्हाच घेतलेलं बरं नाही का?

खांब_ते_खांब | ९ जून २०२५

स्कूटर रोज चार्ज केली तरी दिवसाला दोन-तीन युनिटं. त्यासाठी फार तर अर्धा-पाऊण किलोवॉट. इलेक्ट्रिक मोटार असेल तर गोष्ट निराळी: महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशे युनिटांच्या आसपास. ती दोन वर्षांत नक्की घेणार असाल तर ३ घ्या. "कदाचित" असेल तर नको. गृहकर्जाच्या पहिल्या वर्षात चाळीस-पन्नास हजार हातात असणं माझ्या मते जास्त मोलाचं.

मृण्मयी_सांगली | १० जून २०२५

मी फक्त गच्चीच्या स्लॅबबद्दल लिहिते, कारण आम्ही तेच भोगलंय.

आम्ही सांगलीत बंगली घेतली आणि त्याच उन्हाळ्यात घाईने पॅनेल बसवले. कंत्राटदाराच्या माणसांनी स्ट्रक्चरच्या, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्याच्या, पायासाठी थेट स्लॅबमध्ये भोकं पाडली आणि नुसते फास्टनर ठोकले. जुलैमध्ये बेडरूमच्या छतावर नाण्याएवढा ओला डाग आला. ऑगस्टमध्ये तो परातीएवढा झाला आणि प्लॅस्टर सुटायला लागलं. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, आधी पॅनेल उतरवा. सोलरवाला म्हणाला, स्लॅब आधीपासूनच गळका होता. आम्ही त्या घरात एकही पावसाळा काढलेला नव्हता, त्यामुळे कोण खरं हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. पॅनेल उतरवून, वॉटरप्रूफिंग करून परत चढवायचा खर्च आमच्याच खिशातून गेला.

म्हणून अंगणवेल, एक पावसाळा बघाच. गच्चीचा उतार कुठे आहे, पाणी कुठे साचतं, पन्हळीशी काय होतं, खोल्यांत कुठे ओल येते, फोटो काढून ठेव. वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते आधी. आणि स्ट्रक्चर स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर उभं करता येतं, किंवा पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, भिंतीचा आधार घेता येतो. भोक पाडणं टळतच नसेल तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) आणि वरून सीलिंग, हे कोटेशनमध्ये लिहून घे.

वाळवणांचं म्हणशील तर आठ-नऊ फूट उंचीचं स्ट्रक्चर करतात, खाली माणूस आरामात वावरतो. खर्च वाढतो. पण कुरडया-पापडांना खालची सावली काय कामाची? त्यांना कडक ऊनच लागतं. त्यापेक्षा पॅनेल एका कडेला बसवून अर्धी गच्ची मोकळी ठेव. आमच्याकडे आता तसंच आहे आणि सासूबाईंची तक्रार नाही.

दर्यासारंग | १० जून २०२५

देवगडहून लिहितोय. आमच्याकडचं गणित थोडं वेगळं, पण कोकणात नवं घर बांधणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून.

कौलांवर पॅनेल बसवू नका. चिऱ्याच्या घराला वर मंगलोरी कौलं असतील तर एकेक कौल काढून वाशाला हुक मारावे लागतात, आणि वानरांनी आधीच फोडलेल्या कौलांत आणखी भर. आम्ही मागच्या अंगणात जमिनीवर लोखंडी स्ट्रक्चर उभारलं. नारळ-पोफळीची सावली चुकवायला जागा शोधावी लागली, पण पावसाळ्यापूर्वी शाकारणी करताना अडचण होत नाही.

खारा वारा लोखंड खातो. हॉट डिप गॅल्वनायझिंग केलेलंच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेलंच, स्ट्रक्चर घ्या, नुसतं रंगवलेलं नको. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. पॅनेलला खाऱ्या हवेची चाचणी झालेली आहे का ते विचारा, त्यासाठी वेगळं मानक आहे. आणि वारा! ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडे आलं, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. पॅनेलचा पत्रा वाऱ्याला शिडासारखा वागतो. खालून वारा शिरला की उचलतो. उंच स्ट्रक्चर हवं असेल तर त्याचं डिझाइन कुणी केलं, किती वेगाचा वारा धरून केलं, हे कागदावर मागा. विदर्भात वादळवारा कमी म्हणून सोडू नका, वळवाच्या वाऱ्याने तुमच्याकडेही पत्रे उडतातच.

निशिगंध_फ्रीमॉन्ट | ११ जून २०२५

कॅलिफोर्नियातून. इथे २०२० पासून नव्या घरांना सोलर बंधनकारकच आहे, त्यामुळे नवं घर घेणाऱ्याला "बसवू का" हा प्रश्न नसतो. प्रश्न असतो की गच्चीवरचं सोलर आपल्या मालकीचं आहे की बिल्डरने भाडेकरारावर दिलंय. भाडेकरार असेल तर वीस-वीस वर्षांचा हप्ता घराबरोबर तुमच्या गळ्यात येतो. शिवाय एप्रिल २०२३ नंतर जोडणी घेणाऱ्यांना बाहेर पाठवलेल्या विजेचे पैसे पूर्वीपेक्षा खूप कमी मिळतात, म्हणून इथे बरेच जण बॅटरी घेतात. महाराष्ट्रात सध्या युनिटाला युनिट वजा होतं ही फार चांगली सोय आहे. ती आहे तोवर बॅटरीवर पैसे घालू नका असं मला वाटतं.

हडपसरकर | ११ जून २०२५

बॅटरीवरून विचारतो. लाईट गेली तर सोलरवर घर चालतं ना?

तारतंत्र | ११ जून २०२५

नाही, आणि हे विकणाऱ्यांनी आधी सांगायला हवं. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेला सोलरचा साधा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) लाईट गेली की स्वतःहून बंद होतो. भर दुपारी बारा वाजता वर लख्ख ऊन असलं तरी बंद. कारण खांबावर काम करणारा लाइनमन. तुमच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. लाईट गेल्यावरही चालू राहणारं हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागते, तिला या योजनेत वेगळी सबसिडी नाही. घरात आधीचा साधा इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो तसाच चालू राहू दे, पंखे-दिव्यांना पुरतो.

हडपसरकर | १२ जून २०२५

धन्यवाद. आमचा नवा फ्लॅट आहे, गच्ची सामायिक. सोसायटी नुकतीच नोंदली गेली आहे.

खांब_ते_खांब | १२ जून २०२५

मग एकट्याने धडपड नको. सोसायटीच्या नावाने लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी बसवा. त्याला किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. गच्चीचा ताबा बिल्डरकडून सोसायटीकडे लेखी आला आहे का, ते त्याआधी तपासा.

अंगणवेल | २७ जुलै २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने लोक लिहितात हे बघून धीर आला.

थांबायचं ठरवलं आहे. मीटर आता माझ्या नावावर झालं. आधीच्या मालकांनी सोलर कधी बसवलं नव्हतं, तसं त्यांनी लिहून दिलं. जुनी बिलं काढली तर काकांचा अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाला: आधीच्या मालकांचा वर्षाचा वापर तीन हजार युनिटांच्या थोडा पुढे.

आणि मृण्मयी, तुझे आभार किती मानू. या महिन्यातल्या संततधारेत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल आली. वर जाऊन पाहिलं तर पन्हळीच्या पाइपाभोवतीचं सिमेंट फुटलेलं होतं, आणि गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात दोन बोटं पाणी साचून राहिलेलं. तिघांपैकी दोघांनी पॅनेल नेमके याच कोपऱ्यावर दाखवले होते. आता दिवाळीपूर्वी पन्हळ आणि गच्चीचा उतार, दोन्ही दुरुस्त करून घेणार.

मृण्मयी_सांगली | २७ जुलै २०२५

खूप बरं वाटलं वाचून. दुरुस्तीनंतर गच्चीत दोन दिवस पाणी तुंबवून बघ, पन्हळीला बोळा लावून. खाली ओल आली नाही तरच पुढचं काम.

तारतंत्र | २८ जुलै २०२५

ताई, तुमच्या बाबतीत थांबणं बरोबर ठरलं. वॉटरप्रूफिंग करतानाच दोन कामं करून घ्या, नंतर भिंती फोडाव्या लागतात. गच्चीपासून मीटरपर्यंत केबलसाठी पाइप टाका, आणि अर्थिंगचे तीन खड्डे कुठे घेणार ती जागा ठरवा. पॅनेल आणि स्ट्रक्चरला एक, इन्व्हर्टरला एक, आणि वीजरोधकाला (आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणारा) वेगळा. रो-हाऊसमध्ये अंगणाला फरशी घातली की खड्ड्याला जागाच राहत नाही.

अंगणवेल | १२ ऑक्टोबर २०२५

गच्ची दुरुस्त झाली, पाणी तुंबवून पाहिलं, खाली कोरडं. नवी कोटेशनं मागवली तर भाव उतरलेत. जीएसटीमुळे का?

तारतंत्र | १२ ऑक्टोबर २०२५

हो. २२ सप्टेंबरपासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. पूर्ण कामाच्या बिलात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के तसाच आहे. म्हणजे एकूण कर आधी १३.८ टक्के पडायचा तो आता ८.९. कोटेशनमध्ये हा आकडा वेगळा लिहिलेला आहे का बघा. जुन्याच भावात "कर समाविष्ट" लिहून देत असेल तर विचारा.

खांब_ते_खांब | १३ ऑक्टोबर २०२५

आता सावलीकडे वळा. तुमच्या गच्चीवर जिन्याची खोली आणि तिच्यावर टाकी आहे का? कोणत्या दिशेला?

अंगणवेल | १३ ऑक्टोबर २०२५

हो, नैर्ऋत्येला. खोली आठ फूट, वर टाकी पाच फूट.

खांब_ते_खांब | १३ ऑक्टोबर २०२५

म्हणजे गच्चीपासून तेरा फूट. नागपूर २१ अंश अक्षांशावर. जूनमध्ये सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, टाकीची सावली तिच्या पायाशीच पडते. तेव्हा गच्ची पाहून गेलेल्या माणसाला सगळी गच्ची मोकळी दिसते. पण २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य फक्त ४५ अंशांवर असतो, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीएवढी, तेरा फूट, उत्तरेकडे. तीन वाजता ती जवळजवळ दुप्पट होऊन ईशान्येकडे पसरते, तुमच्या गच्चीच्या मधोमध. पॅनेल एकामागे एक ओळीत जोडलेले असतात, एकावर सावली आली तर त्याचा फटका सगळ्या ओळीला बसू शकतो.

घाई नाहीच आहे तर डिसेंबरात गच्चीवर खडूने रेघा मारा. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन. सावलीची कड जिथे येते तिथे.

अंगणवेल | २१ डिसेंबर २०२५

खडूच्या रेघा मारल्या. लेकीने शाळेच्या वहीत गच्चीचा नकाशा काढून त्यात वेळा लिहिल्या. काका म्हणाले तसंच निघालं: तीनची सावली मधला सगळा पट्टा ओलांडून जाते. दिवसभर पूर्ण मोकळी राहते ती आग्नेयेची पट्टी. तीच, जिथे पाणी साचत होतं आणि जी आता उतार देऊन कोरडी केली आहे.

त्या पट्टीत ५४० वॉटचे चार पॅनेल एका ओळीत, दक्षिणेकडे तोंड करून, व्यवस्थित बसतात. एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, चार मिळून पंधरा फूट. म्हणजे २.१६ किलोवॉट. वर्षाला तीन हजार युनिटांच्या आसपास, आमचा वापर तेवढाच. वायव्येकडची बाजू पूर्ण मोकळी, सासूबाईंना दाखवली, त्यांनी होकार दिला.

काम फेब्रुवारीत करायचं आणि मार्चमध्ये नेट मीटर, म्हणजे १ एप्रिलपासूनच्या हिशेबाला पूर्ण उन्हाळा हाताशी. हे वेळापत्रक बरोबर आहे ना? आणि सामान आल्यावर काय काय तपासू?

तारतंत्र | २१ डिसेंबर २०२५

वेळापत्रक छान आहे. १० किलोवॉटपर्यंत आता तांत्रिक पाहणीचा अडथळा नाही, अर्ज मंजूर झाल्यासारखाच धरतात. तरी थोडी सवड ठेवा.

सामान आल्यावर पहिली गोष्ट डीसीआर, म्हणजे देशी बनावटीची अट. सबसिडीसाठी सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, बाजारात दोन्ही प्रकार मिळतात आणि दिसायला सारखेच. प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर स्वतः लिहून घ्या, प्रमाणपत्राशी ताडा आणि मगच वर चढवू द्या. पॅनेलची बॉक्स उभी ठेवलेली असावीत. आडवी रचून आणली असतील तर आतल्या सेलना डोळ्यांना न दिसणारे तडे जातात.

दुसरी गोष्ट डीसी केबलचे (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या) जोड. पॅनेलच्या मागे काळ्या प्लॅस्टिकचे नर-मादी कनेक्टर असतात. दोन्ही एकाच कंपनीचे हवेत आणि "कट" आवाज येऊन बसले पाहिजेत. अर्धवट बसलेला जोड गरम होतो, वितळतो, आग लागते ती तिथूनच. केबल गच्चीवर लोंबकळत न ठेवता बांधून घ्या. उन्हाने तापलेल्या स्लॅबवर आणि पावसाच्या पाण्यात तिचं आवरण टिकत नाही.

योजनेत पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडेच असते, ती करारात लिहून घ्या. पॅनेलची उत्पादनाची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून खूप कमी. एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल हे आत्ताच धरून चाला.

दर्यासारंग | २२ डिसेंबर २०२५

आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते आठवत असेल. पॅनेलची काच २५ मिलिमीटरच्या गारेसाठी तपासलेली असते, पण तेव्हा त्याहून मोठ्या पडल्या होत्या. घराचा विमा काढताना सोलर त्यात लिहून घ्या.

खांब_ते_खांब | २२ डिसेंबर २०२५

दोन गोष्टी मनाची तयारी म्हणून. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक असेल, पण उत्पादन सगळ्यात जास्त असेलच असं नाही. हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेल ६५-७० पर्यंत तापतं, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के क्षमता उतरते. म्हणजे दुपारी १४-१६ टक्के कमी. बिघाड झाला असं समजू नका. पॅनेल स्लॅबला चिकटून न बसवता खालून वारा खेळेल एवढी जागा ठेवा.

दुसरी, धूळ. धुतल्यावर पाणी ओघळून खालच्या फ्रेमशी थांबतं आणि वाळताना बोटभर रुंदीची मातीची पट्टी सोडून जातं. वरून पॅनेल स्वच्छ दिसतं, पण खालची सेलची रांग झाकलेली असते. ती पट्टी हाताने, मऊ कापडाने पुसावी लागते. पहाटे किंवा संध्याकाळी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग धरतात, नळाचं वापरा.

नेट मीटर लागलं की त्या दिवशीचे आयात आणि निर्यात दोन्ही आकडे फोटो काढून ठेवा, आणि पहिल्या बिलावर दोन्ही आलेत का ताडून बघा. युनिटं शून्य झाली तरी स्थिर आकार भरावा लागतो, बिल कोरं येणार नाही.

अंगणवेल | २२ डिसेंबर २०२५

सगळं उतरवून घेतलं. योजनेच्या पोर्टलवर अर्ज भरला, आजच.

लातूरची_माती | २३ डिसेंबर २०२५

धागा सुरुवातीपासून वाचला. आमचं दोन खोल्यांचं नवं घर, वापर महिन्याला ७०-८० युनिटं. आम्ही या फंदात पडावं का?

खांब_ते_खांब | २३ डिसेंबर २०२५

पूर्ण किमतीत घ्यायचं असतं तर मी नको म्हणालो असतो. तुमची सगळी युनिटं स्वस्त टप्प्यातच संपतात. पण राज्याने यंदा १०० युनिटांच्या आतल्या घरांसाठी स्मार्ट नावाची योजना आणली आहे. १ किलोवॉटला केंद्राचे ३०,००० आणि वर राज्याचे: सर्वसाधारण ग्राहकाला १०,०००, अनुसूचित जाती-जमातींना १५,०००, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५००. म्हणजे पन्नास हजारांच्या संचाला तुमच्या खिशातून अनुक्रमे १०,०००, ५,००० किंवा २,५००. त्या भावात जरूर घ्या. जागा फक्त १०० चौरस फूट लागेल, सावली नसलेली. वीजजोडणी कुणाच्या नावावर आहे?

लातूरची_माती | २३ डिसेंबर २०२५

वडिलांच्या. घरही त्यांच्याच नावावर.

खांब_ते_खांब | २३ डिसेंबर २०२५

मग अर्ज त्यांच्याच नावाने करा आणि खातंही त्यांचंच द्या. नाव बदलायच्या भानगडीत पडू नका.